मावळतीची नावे

लॅटिन भाषेतल्या 'वेस्पेर' या शब्दाचा पहिला अर्थ संध्याकाळ असा असला, तरी हाच शब्द मावळतीच्या दिशेसाठी, म्हणजे पश्चिमेसाठी, आणि त्या दिशेला सूर्यास्तानंतर सर्वांत आधी चमकू लागणाऱ्या शुक्रासाठीही वापरला जात असे. पुढे ख्रिस्ती धर्म रोमन जगात रुजल्यावर याच शब्दाचे अनेकवचन, 'वेस्पेरे', हे सायंप्रार्थनेचे नाव झाले. वेळ, दिशा, चांदणी आणि प्रार्थना या चार गोष्टी एका शब्दात गोळा होणे अगदी स्वाभाविक आहे, कारण दिवस बुडताना मावळतीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाला त्या एकाच नजरेत दिसतात. मात्र या एका दृश्यातून नावासाठी नेमके काय उचलायचे, हे प्रत्येक भाषेने आपापल्या परीने ठरवले आहे. कोणी बुडणारा सूर्य उचलला, कोणी घरात लावलेला दिवा, कोणी चांदणी, तर कोणी दिवस आणि रात्र यांचा सांधा. आणि एकदा केलेली ही निवड त्या त्या समाजाच्या प्रार्थनेच्या नियमांतही शतकानुशतके टिकून राहिलेली दिसते.

'वेस्पेर'चे ग्रीक भावंड 'हेस्पेरोस' हे आहे. ग्रीक भाषेच्या बहुतेक बोलींतून आरंभीचा 'व' झडून गेल्यामुळे दोन्ही शब्द आज वेगळे वाटतात, पण त्यांचे मूळ एक आहे. लिथुएनियन भाषेतला 'वाकारास' आणि रशियन भाषेतला 'वेचेर' हे संध्याकाळचे शब्दही भाषाशास्त्रज्ञ याच कुळात घालतात, जरी लॅटिनमधला 'प' आणि या भाषांमधला 'क' किंवा 'च' यांचा मेळ ध्वनिपरिवर्तनाच्या काटेकोर नियमांत पुरता बसत नाही. लिथुएनियन भाषेने तर जुनी व्यवस्था जवळजवळ जशीच्या तशी जपली आहे: संध्याकाळ म्हणजे 'वाकारास', त्याचेच अनेकवचन 'वाकाराय' म्हणजे पश्चिम, आणि 'वाकारीने' म्हणजे संध्याकाळी दिसणारा शुक्र. संस्कृतात मात्र या शब्दाचे निर्विवाद भावंड सापडत नाही, आणि ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पहाटेच्या बाबतीत नेमके उलटे घडले आहे. संस्कृत 'उषस्', ग्रीक 'एओस', लॅटिन 'औरोरा' आणि लिथुएनियन 'आउश्रा' ही एकाच शब्दाची चार रूपे आहेत. पहाटेचे नाव या सगळ्या भाषांनी वारशाने जपले. संध्याकाळचे नाव संस्कृताने नव्याने घडवले, आणि ते कसे घडवले हे पुढे येईलच.

ग्रीकांना मावळतीच्या दिशेविषयी विशेष ओढ होती. त्यांच्या दृष्टीने इटली हा पश्चिमेचा देश होता म्हणून ते त्याला 'हेस्पेरिया' म्हणत, आणि रोमन कवींनी हेच नाव आणखी पश्चिमेच्या स्पेनलाही दिले. जगाच्या पश्चिम टोकाला असलेल्या बागेत सोन्याची फळे राखणाऱ्या अप्सरा, 'हेस्पेरिडीस', म्हणजे शब्दशः सांजेच्या मुली. या सोनेरी फळांची कथा पुढे लिंबूवर्गीय फळांना चिकटली आणि वनस्पतिशास्त्रात आतून फोडी आणि बाहेरून तेलकट साल असलेल्या फळप्रकाराला 'हेस्पेरिडियम' हे नाव पडले. त्यामुळे शास्त्रीय परिभाषेत नागपूरचे संत्रेही याच सांजेच्या बागेतले फळ ठरते.

चांदणीच्या बाबतीत ग्रीकांनी आरंभी एक गोष्ट दोन मानली. पहाटे पूर्वेला दिसणारी ठळक चांदणी 'फोस्फोरोस', म्हणजे प्रकाश आणणारी, आणि संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी 'हेस्पेरोस'. 'फोस्फोरोस'चे शब्दशः लॅटिन भाषांतर म्हणजे 'लुसिफर'. या दोन्ही चांदण्या एकच आहेत हे ओळखण्याचे श्रेय प्राचीन लेखकांपैकी काही पायथागोरसला तर काही पार्मेनिडीसला देतात. बाबिलोनमध्ये मात्र हे ज्ञान त्याहून पुष्कळ जुने होते. इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातला राजा अम्मिसदुक याच्या काळातील शुक्राच्या उदयास्तांची २१ वर्षांची नोंद मातीच्या विटांवर टिकून राहिली आहे. आज हाती असलेल्या तिच्या प्रती पुष्कळ नंतरच्या आहेत, पण तिच्यात पश्चिमेला अस्त पावलेला शुक्र आणि नंतर पूर्वेला उगवलेला शुक्र एकाच मालिकेत मोजलेला आहे. १८९२ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ गॉटलोब फ्रेग याने शब्दाचा आशय आणि शब्दाने दाखवलेली वस्तू यांतला फरक समजावताना हेच उदाहरण घेतले. पहाटेचा तारा आणि सायंतारा या दोन नावांनी दाखवलेली वस्तू एकच असली, तरी ती एकच आहे हे वाक्य ऐकणाऱ्याला नवे ज्ञान देते, कारण प्रत्येक नाव त्या वस्तूकडे वेगळ्या वाटेने नेते.

दोन नावे का पडली याचे उत्तर शुक्राच्या गतीत आहे. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत असल्यामुळे तो आकाशात सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपेक्षा दूर जाऊ शकत नाही; म्हणून तो मध्यरात्री माथ्यावर कधीच दिसत नाही, आणि दिसला तर सूर्याच्या मागे मावळतीला किंवा सूर्याच्या पुढे उगवतीला. हे चक्र सुमारे ५८४ दिवसांचे असते. त्यात आठ-साडेआठ महिने तो संध्याकाळी दिसतो, मग पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जाताना थोडेच दिवस नाहीसा होतो, त्यानंतर पुन्हा तितकेच महिने पहाटे दिसतो आणि शेवटी सूर्याच्या पलीकडून जाताना बरेच अधिक दिवस लुप्त राहतो. अशी पाच चक्रे जवळजवळ नेमक्या आठ वर्षांत पुरी होतात, त्यामुळे आज आकाशात ज्या ठिकाणी शुक्र दिसतो, त्याच्या जवळपासच आठ वर्षांनी त्याच तारखेला तो पुन्हा दिसतो. ज्याने सलग एवढे दिवस आकाश पाहिले आणि पाहिलेले लिहून ठेवले, त्यालाच सांजेचा तारा आणि पहाटेचा तारा एक असल्याचे कळणार होते.

प्रार्थनेचे नाव मात्र चर्चमध्ये आरंभी या ताऱ्याच्या शब्दावरून आलेले नव्हते. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमच्या यात्रेला गेलेली इजेरिया ही स्त्री आपल्या मंडळींना लिहिते, की दिवसाच्या दहाव्या तासाला, म्हणजे साधारणपणे दुपारी चारच्या सुमारास, जी उपासना होते तिला तिथले लोक 'लिखनिकोन' म्हणतात आणि आपल्याकडे तिला 'लुसेर्नारे' म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ दिवे लावणे, मराठीत सांगायचे तर दिवेलागण. ती एक लहानसा तपशीलही नोंदवते: दिव्यांसाठीची ज्योत बाहेरून आणली जात नाही, तर ख्रिस्ताच्या कबरीच्या गुहेत रात्रंदिवस जळणाऱ्या दिव्यावरून ती घेतली जाते आणि मग सगळे मंदिर उजळते. पूर्वेकडच्या चर्चमध्ये सायंप्रार्थनेत दिवे लागताना म्हटले जाणारे 'फोस हिलारोन' हे ग्रीक स्तोत्रही इतके जुने आहे, की चौथ्या शतकातल्या संत बॅझिललाच ते पूर्वापार चालत आलेले वाटत होते.

पश्चिम युरोपात मठांचे जीवन नियमबद्ध झाले तेव्हा दिव्याचे हे नाव मागे पडले. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली केली तिच्या एकेचाळिसाव्या प्रकरणात सायंप्रार्थना इतक्या लवकर उरकावी असे सांगितले आहे, की त्यानंतरचे जेवणही दिव्याशिवाय, दिवसाच्या उजेडातच व्हावे. ज्या उपासनेचे नाव दिवा लावण्यावरून पडले होते, तिलाच आता दिवा लागण्याआधी संपायचे होते, आणि अशा उपासनेला 'वेस्पेरे' हे केवळ वेळेचे नावच साजणारे होते. एकदा रूढ झाल्यावर हे नाव दूरवर गेले. १२८२ साली ईस्टरच्या सोमवारी सिसिलीतल्या पालेर्मो शहरात फ्रेंच सत्तेविरुद्ध जो उठाव झाला तो सायंप्रार्थनेच्या वेळी सुरू झाला, म्हणून इतिहासात तो 'सिसिलीचे वेस्पर' या नावानेच ओळखला जातो. दक्षिण जर्मनीत 'फेस्पर' म्हणजे आता पाव, चीज आणि थंड मांस असा साधा फराळ. प्रार्थनेच्या वेळेला काम थांबे आणि काम थांबले की काही खाल्ले जाई, त्यातून शब्दाचा हा प्रवास झाला.

गोव्यात हा शब्द पोर्तुगीज पाद्र्यांबरोबर आला आणि तिथे त्याला वेगळाच मान मिळाला. गावच्या चर्चच्या किंवा कपेलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराच्या, फेस्ताच्या, म्हणजे वार्षिक सणाच्या, आदल्या संध्याकाळी 'वेस्पर' होते, आणि व्हायोलिनच्या साथीने गायली जाणारी ही उपासना फेस्ताइतकीच महत्त्वाची मानली जाते. रोजच्या संध्याकाळचे नाव मात्र वेगळे: चर्चची घंटा 'आंजेलुस'ची वेळ सांगते, त्या प्रार्थनेच्या पहिल्या लॅटिन शब्दावरूनच तिला हे नाव पडले आहे, आणि प्रार्थना संपली की घरातली मुले वडीलधाऱ्यांकडे 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद, मागतात. तुळशीपाशी दिवा लावून झाल्यावर हिंदू घरातले मूल ज्याप्रमाणे थोरांच्या पाया पडते, त्याचेच हे शेजारच्या अंगणातले रूप आहे.

अरबी भाषेने नावासाठी सूर्याचे जाणे निवडले. 'ग-र-ब' या तीन व्यंजनांच्या धातूचा मूळ अर्थ मावळणे, दूर जाणे. त्यापासून 'मग्रिब' म्हणजे सूर्य मावळण्याची वेळ, मावळण्याची जागा आणि सूर्यास्तानंतरची नमाज. सूर्याचे बिंब पूर्ण बुडाल्याशिवाय ही नमाज सुरू होत नाही आणि पश्चिमेचा संधिप्रकाश विझला की तिची वेळ संपते. दिवसाच्या पाच नमाजांत हिचा अवकाश सर्वांत आखूड असतो, म्हणून अजान होताच लोक लगबगीने मशिदीत पोहोचतात, आणि रमजानमध्ये रोजा सुटतो तोही याच अजानीवर. मोरोक्को या देशाचे अरबी नाव 'अल-मग्रिब' हेच आहे, आणि पोर्तुगालच्या दक्षिण टोकाच्या 'अल्गार्व' या प्रांताचे नावही 'अल-गर्ब', म्हणजे पश्चिम, यावरून आले आहे. याच धातूपासून झालेला 'गरीब' हा शब्द मराठी माणूस रोज उच्चारतो. अरबीत त्याचा अर्थ आपल्या घरापासून दूर गेलेला, परका असा होता. परमुलखात पडलेल्या माणसाला आधार नसतो, म्हणून फारसीतून इकडे येईपर्यंत परका हा दरिद्री झाला. मावळणारा सूर्य आणि गरीब माणूस हे एका धातूची लेकरे आहेत, हे एकदा कळल्यावर त्या शब्दाकडे पूर्वीसारखे पाहणे अवघड जाते.

हिब्रू ही अरबीची जवळची नातलग. तिच्यात 'एरेव' म्हणजे संध्याकाळ, 'माअराव' म्हणजे पश्चिम आणि 'माअरिव' म्हणजे सायंप्रार्थना. परंतु ज्यू परंपरेत वेळ ठरवण्याचा अधिकार सूर्याइतकाच ताऱ्यांकडे आहे. सुमारे इसवी सन २०० मध्ये संकलित झालेल्या 'मिश्ना' या धर्मसंहितेचे पहिलेच वाक्य संध्याकाळची प्रार्थना कोणत्या क्षणापासून म्हणता येते या प्रश्नाचे आहे, आणि तिथे दिलेल्या उत्तराचा उलगडा तारे दिसू लागण्याच्या क्षणाशी होतो. पुढे 'तालमूद' या धर्मग्रंथात मोजमाप आणखी नेमके झाले: एक तारा दिसला तर अजून दिवस, दोन दिसले तर संधिकाल, तीन दिसले की रात्र. या संधिकालाचे हिब्रू नाव 'बेन हा-श्माशोत', शब्दशः 'सूर्यांच्या मधले'. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाला शेजारीपाजारी 'शनिवार तेली' म्हणत, कारण तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत. त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताआधी दिवा लावून सुरू होई आणि शनिवारी रात्र पडल्यावर संपे. कोकणातल्या ज्या सांजेला एका घरात शुभंकरोती चाले, त्याच सांजेला दुसऱ्या घरातली नजर तीन तारे शोधत आभाळाकडे लागलेली असे.

संस्कृताने सूर्य, दिवा आणि तारा हे तिन्ही बाजूला ठेवून वेळेच्या रचनेलाच नाव दिले. 'संध्या' या शब्दात 'सम्' हा उपसर्ग आणि 'धा' हा धातू आहे. एकत्र ठेवणे, सांधणे हा त्याचा अर्थ, आणि 'संधी', 'संधान', मराठीतला 'सांधा' ही त्याचीच भावंडे. म्हणून संध्या एकच नाही: रात्र आणि दिवस जिथे जुळतात ती सकाळची संध्या, दिवस आणि रात्र जिथे जुळतात ती सायंकाळची, आणि त्यांच्या जोडीला माध्यान्ह. पहाटेलाही संध्या म्हणता येते ही गोष्ट 'वेस्पेर' किंवा 'मग्रिब' या शब्दांना कधीच शक्य नव्हती. 'सायम्' या दुसऱ्या शब्दाची व्युत्पत्तीही विसरण्यासारखी नाही. तो बहुधा 'सो', म्हणजे संपवणे, सोडणे, या धातूपासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ बैलांच्या मानेवरचे जू उतरवणे, कामातून मोकळे होणे, असा लावला जातो.

या सांध्याची उपासना म्हणजे संध्यावंदन. आचमन, प्राणायाम, मार्जन, म्हणजे मंत्र म्हणत अंगावर पाणी शिंपडणे, सूर्याला अर्घ्य, गायत्रीचा जप आणि शेवटी उपस्थान, म्हणजे उभे राहून केलेले स्तवन, असा तिचा क्रम असतो. सकाळचे उपस्थान मित्राचे आणि सायंकाळचे पश्चिमेचा स्वामी असलेल्या वरुणाचे. तिच्या वेळेविषयीचा शास्त्रनियम इतर धर्मांच्या शेजारी ठेवून पाहिला की मोठा बोलका वाटतो. सूर्य दिसत असताना केलेली सायंसंध्या उत्तम, तो मावळल्यावर केलेली मध्यम आणि तारे उगवल्यावर केलेली कनिष्ठ. सकाळी हाच क्रम उलटा, तारे असताना उत्तम आणि सूर्य वर आल्यावर कनिष्ठ. ज्यू परंपरेत जो तारा प्रार्थनेची वेळ झाल्याची ग्वाही देतो, तोच तारा संध्यावंदनात वेळ चुकल्याचा साक्षीदार ठरतो. मग्रिबसाठी जो सूर्य आधी पूर्ण बुडावा लागतो, तो संध्येसाठी अजून क्षितिजावर असावा लागतो. महाराष्ट्रात मात्र दोघांचीही तोंडे पश्चिमेलाच असतात, एकाचे अस्ताला जाणाऱ्या सूर्यामुळे आणि दुसऱ्याचे मक्का इथून त्या दिशेला आहे म्हणून.

संध्येचे प्राकृत रूप 'संझा', आणि त्यापासून मराठीची 'सांज'. शब्द लहान झाला तसा तो देवघरातून अंगणात आला: सांजवेळ, सांजवात, तिन्हीसांजा. पण मराठीने या वारशावर समाधान मानले नाही आणि बाकीच्या तीन वाटांपैकी दोनही चोखाळल्या. सूर्य मावळतो ती 'मावळत'. खेड्यात आजही शेताचा बांध किंवा घराचे दार उगवतीकडचे की मावळतीकडचे हे असेच सांगतात, आणि पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत असलेल्या 'मावळ' प्रदेशाचे नावही याच क्रियापदाशी जोडले जाते. तसे पाहिले तर शिवाजी महाराजांचे मावळे आणि मोरोक्कोचे मग्रिबी हे नावापुरते सख्खे भाऊ आहेत, दोघेही मावळतीचे. दिव्यावरून आलेली 'दिवेलागण' तर इजेरियाच्या 'लुसेर्नारे'चे बिनचूक भाषांतर म्हणावे अशी आहे, जरी या दोघींची कधी गाठ पडलेली नाही. हा काळ कसा असे ते पाहावे: कापसाची वात तेलात भिजवून तिचे टोक चिमटीने ताठ करायचे, ज्योत लागली की निरांजन आधी देवापुढे, मग तुळशीपाशी, दिवा पाहिलेल्याने हात जोडायचे, या वेळी केर काढायचा नाही, कोणी झोपायचे नाही, मुलांनी हातपाय धुऊन परवचा म्हणायचा. 'परवचा' म्हणजे शुभंकरोती, रामरक्षा यांच्या जोडीने पाढे, तिथी, महिने, नक्षत्रे यांची रोजची उजळणी. शास्त्रोक्त संध्यावंदन उपनयन झालेल्या पुरुषांपुरते मर्यादित होते. दिवेलागण मात्र घरातल्या बाईच्या हातात होती आणि परवचा मुलामुलींच्या तोंडी, आणि म्हणूनच संध्यावंदन पुष्कळ घरांतून मावळल्यावरही सांजवात राहिली.

एवढे शब्द असूनही सांजेच्या चांदणीला मराठीत स्वतंत्र नाव नाही. 'शुक्र' हा संस्कृत शब्द 'शुच्', म्हणजे चकाकणे, यापासून आला असून तेजस्वी, पांढरा शुभ्र असा त्याचा अर्थ आहे. त्यात वेळ नाही की दिशा नाही. भारतीय ज्योतिषाच्या सिद्धांतग्रंथांत शुक्र हा आरंभापासून एकच ग्रह आहे, मग तो कोणत्याही क्षितिजावर असो, आणि पंचांगाने हेच ज्ञान घराघरांत नेले. सूर्याच्या किती जवळ आल्यावर ग्रह दिसेनासा होतो ते अंतर 'कालांश' या मापात सांगतात, एक कालांश म्हणजे चार मिनिटांचा काळ. सूर्यसिद्धांताने शुक्रासाठी दोन वेगळे कालांश दिले आहेत: तो वक्री असताना, म्हणजे पृथ्वीच्या जवळून जात असता मोठा आणि तेजस्वी दिसतो तेव्हा ८, आणि सूर्याच्या पलीकडून जाताना १०. ग्रहाचे तेज अंतराप्रमाणे बदलते हे उघड्या डोळ्यांनी टिपल्याशिवाय असा भेद करता येत नाही. शुक्रास्तात लग्नमुंजी वर्ज्य मानल्या जात असल्यामुळे ज्याने आयुष्यात कधी तारा निरखला नाही, त्या वधूपित्यालाही शुक्र पश्चिमेला कधी लोपतो आणि पूर्वेला कधी उगवतो हे ठाऊक ठेवावे लागे.

लोकभाषेत मात्र 'शुक्राची चांदणी' म्हटले की बहुधा पहाटच डोळ्यांपुढे येते. ज्या काळी घरात घड्याळ नव्हते त्या काळी पहाटेच्या शुक्राला काम होते: तो वर आला की जात्यावर बसायचे, मोट जुंपायची, लांबच्या बाजाराला गाडी काढायची. सांजेच्या शुक्राला असे काम नव्हते, कारण संध्याकाळची वेळ परतणारी गुरे, विझत जाणारा उजेड आणि दिव्याची वात हीच सांगत. तरीही ज्या वर्षी शुक्र मावळतीला असतो त्या वर्षी दिवेलागणीला अंगणात उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, तर आकाश अजून निळसर असतानाच तो दिसू लागतो. काही आठवड्यांत तो रोज थोडा खाली येऊ लागतो, मग एका संध्याकाळी सापडतच नाही, पंचांगात त्या सुमाराला 'शुक्रास्त पश्चिमेस' असे छापलेले असते, आणि आठवडा-पंधरवड्यात जात्याला उठणाऱ्या बाईला तोच शुक्र परसदारी, उगवतीच्या झाडांच्या शेंड्यांवर दिसत असे.